जुन्या बुलेटच्या इंजिनावर आधीच्या मालकाने केलेली दुरुस्ती: उलगडायची कुठून?

किकर_नाशिक:
गाडी बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (ठिणगी यांत्रिक पॉइंटने, इलेक्ट्रॉनिक नाही), गिअर उजव्या पायाला. साल १९९१. विकणाऱ्याचे म्हणणे "हाफ इंजिनचं काम नुकतंच झालंय", म्हणजे सिलिंडर-पिस्टनचे. बाहेरून दिसते ते असे:

टायमिंग कव्हर, टॅपेट कव्हर आणि सिलिंडरच्या बुडाशी लाल सिलिकॉनची बोटभर जाड वळकटी. टायमिंग कव्हरचे स्क्रू तीन जातींचे, दोन नुसतेच फिरतात. रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपच्या बॅन्जोला (पोकळ बोल्टने बसणाऱ्या गोल जोडाला) टेफ्लॉन टेप. ड्रेन प्लगच्या जागी मोठा बोल्ट ठोकून बसवलेला. ब्रीदरचे डक-बिल रबर गायब, तिथे एक नळी, आणि नळीच्या तोंडात स्क्रू. प्रत्येक जोडातून तेल येते. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिली दोन मिनिटे निळा धूर, मग बंद. तापल्यावर खालून बारीक ठोका, टॅपेटचा नाही.

रॉकरचा बॅन्जो सैल करून पाहिला, तेल व्यवस्थित येते. म्हणजे ऑइलिंग ठीक आहे असे धरून थोडी चालवून बघावी, की थेट उघडावे? उघडायचे तर कुठून?

जुनं_लोखंड:
चालवू नका. किकसुद्धा मारू नका. कारण तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

या इंजिनात रॉकरला जाणारे तेल हे परतीच्या पंपाचे असते. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप आहेत: एक तेलाच्या टाकीतून तेल उचलून फिल्टरमार्गे क्रँकच्या टोकातून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या, क्रँककडच्या बेअरिंगला) देतो, दुसरा क्रँककेसच्या तळाशी साचलेले तेल उपसून परत पाठवतो. रॉकरची पाइप या दुसऱ्या रस्त्यावर आहे. त्यामुळे बॅन्जोतून तेल आले तर एवढेच कळते की तळाशी तेल आहे आणि उपसणारा पंप चालतोय. बिग एंडला काही मिळतेय का, ते त्यातून कळत नाही. उभ्या गाडीत टाकीतले तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरले असेल तर पुढचा रस्ता पूर्ण बंद असूनही रॉकरला धो धो तेल दिसेल. पुष्कळ बुलेटींचे बिग एंड याच गैरसमजात गेले आहेत.

बिग एंडचे तेल बघायची जागा वेगळी. टायमिंग कव्हरवर, क्रँकच्या टोकाच्या बरोबर समोर एक स्क्रू आहे. तो सैल करून, स्पार्क प्लग काढून, डिकॉम्प्रेसर (किक हलकी करणारा लिव्हर) धरून किक फिरवली की तिथे तेल यायला हवे. पंप वर्मवर चालतो, क्रँकच्या मानाने फार सावकाश फिरतो, त्यामुळे वीस-तीस किका लागतात, घाबरू नका. पण तुमच्या बाबतीत ही चाचणी नंतर. आधी कव्हर उघडा. बाहेर बोटभर सिलिकॉन दिसत असेल तर आत तेवढेच पिळले गेलेले असते, आणि ते सुटून कुठे जाते याचे उत्तर तेलाच्या वाटांमध्ये सापडते.

सकाळचा निळा धूर हाही याच गोष्टीकडे बोट दाखवतो. रिंगा गेल्या असत्या तर धूर रेस दिल्यावर सतत आला असता. दोन मिनिटांत थांबणारा धूर म्हणजे रात्रीत तेल खाली उतरले. पंपाची चकती नीट बसत नाही की असे होते. आधीच्या मालकाने हा धूर रिंगांचा समजून हाफ इंजिन केले असण्याची शक्यता खूप आहे.

फिलरगेज:
जुनं_लोखंड यांच्याशी सहमत. गळतीबद्दल एक भर घालते: प्रत्येक जोडातून तेल येण्याचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ब्रीदरच्या नळीत स्क्रू!

३४६ सीसीचा एकच पिस्टन, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक. खाली येताना तो तेवढीच हवा क्रँककेसमध्ये दाबतो. डक-बिलचे काम ती बाहेर सोडायचे आणि वर जाताना परत आत न घ्यायचे. वाट बंद केली की दाब जोड शोधतो. मग माणूस जोडाला सिलिकॉन लावतो, दाब पुढचा जोड शोधतो. नवे डक-बिल लावा, नळी मोकळी ठेवा, तिला कुठेही घडी पडू देऊ नका. या एका रबराने अर्धी गळती थांबते. उरलेली अर्धी वाकड्या फेसची, म्हणजे जोडाच्या पृष्ठभागाची, असते.

लेथवाला:
मी स्क्रूंबद्दलच लिहितो, कारण पुढे सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

जुन्या केसिंगवर ब्रिटिश आटे, नंतरच्या गाड्यांवर मेट्रिक, आणि तीस वर्षांत कव्हर इकडचे तिकडे झालेले. त्यामुळे साल बघून अंदाज करू नका, थ्रेड गेज लावूनच बघा. पाव इंची जुन्या आट्यात इंचाला २६ आटे, म्हणजे पिच ०.९७७ मिमी. एम-६ (६ मिमीचा मेट्रिक स्क्रू) चा पिच १ मिमी. इतके जवळ की एम-६ चा स्क्रू पाव इंची भोकात हाताने सरळ आत जातो आणि बसवणाऱ्याला वाटते जमले. पण भोकाचा व्यास ६.३५, स्क्रूचा ६. आट्यांची फक्त टोके एकमेकांना धरतात. आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात केसिंगचे आटे सोलून निघतात. तुमचे "नुसतेच फिरणारे" दोन स्क्रू हेच असणार.

उलटी चूक ५/१६ च्या भोकात. तिथे बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा) असेल तर इंचाला २२ आटे, पिच १.१५५. एम-८ चा १.२५. व्यास जवळपास सारखाच, ७.९४ आणि ८. बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि लांब दांड्याच्या पान्ह्याने माणूस तो ढकलतो. आत नवे आटे कापले जात नाहीत, जुने मोडतात.

उपाय: गेलेल्या पाव इंची भोकात एम-६ चे हेलिकॉइल (आट्यासाठी बसवायची तारेची गुंडाळी) छान बसते, कारण त्यासाठी ड्रिलच ६.३ मिमीचे लागते आणि तुमचे भोक जवळपास तेवढे झालेलेच आहे. ड्रिल हातात धरून मारू नका, कव्हर लावून त्याच्या भोकातून सरळ रेषा घ्या किंवा खांबाच्या मशीनवर घ्या. हेलिकॉइलचाच टॅप, कटिंगला रॉकेल. इन्सर्ट फेसच्या खाली अर्धा फेरा उतरवा, शेपूट मोडून बाहेर काढा आणि काढलेल्या शेपट्या मोजा. एक आत राहिली तर ती पंपात जाईल. एम-८ साठी ड्रिल ८.३. ज्यांना मूळ पाव इंचीच ठेवायचे आहे त्यांच्यासाठी त्या मापाचे इन्सर्टही मिळतात. मी स्वतः एका कव्हरला सगळे स्क्रू एकाच जातीचे असण्याला जास्त महत्त्व देईन, मग ते कुठल्याही जातीचे असोत.

लांबी: टायमिंग कव्हरचे स्क्रू एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचा. मग तारेने प्रत्येक भोकाची खोली मोजा. स्क्रूचा केसिंगमध्ये जाणारा भाग निदान ९ मिमी हवा आणि तळापासून २ मिमी अलीकडे थांबायला हवा. आणि भोकातले तेल हवेने उडवा. बंद भोकात तेल राहिले आणि वरून स्क्रू आवळला तर तेल दाबले जात नाही, केसिंग फुटते.

सावंतवाडीकर:
फार उपयुक्त धागा. एक शंका: सिलिकॉन काढायला पॉलिश पेपर किंवा ड्रिलला लावायची ती जाळीची चकती चालते का? आणि काही जण सांगतात की तेलाच्या टाकीत डिझेल ओतून इंजिन पाच मिनिटे चालवले की सगळी घाण निघून जाते.

फिलरगेज:
दोन्ही नको.

जाळीच्या चकतीत अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते. ती पिठासारखी केसिंगभर उडते, तेलात मिसळते आणि बेअरिंग घासते. पॉलिश पेपरचेही तेच. क्रँक आत असताना हे अजिबात करू नका.

डिझेलवर चालवणे तर त्याहून वाईट. त्याचा थर पातळ, आणि या इंजिनाचे बिग एंड मुळात फ्लोटिंग बुशवर (तेलाच्या थरावर मोकळ्या फिरणाऱ्या धातूच्या बांगडीवर) आहे, रोलरवर नाही. बुशला तेलाचा थर नसेल तर दोन मिनिटेही पुरतात. शिवाय सुटलेला सिलिकॉनचा तुकडा फिल्टरच्या पुढे असेल तर त्याची वाट थेट क्रँकपिनकडेच जाते.

सिलिकॉन पेट्रोलमध्ये विरघळत नाही, फुगतो. हाच फायदा घ्या. पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी फेसवर अर्धा तास ठेवा, मग लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या उलथण्याने सोलून काढा. छिन्नी नको, मऊ फेसवर एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. हे काम उघड्यावर, हवेशीर जागेत.

मग फेस तपासा. ८ मिमी जाड काच घ्या, त्यावर कव्हर ठेवा आणि कडेने ०.०५ मिमीची फीलर गेजची पाती घालून बघा. पाती जात असेल तर काचेवर ३२० चा ओला पेपर चिकटवून कव्हर आठच्या आकड्यात फिरवा, वरून दाब न देता. ही घासाघाशी फक्त सुट्या कव्हरवर, पंप आणि फिल्टरचे सगळे भाग काढून, आणि नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन.

टॅपेट कव्हरला एकच नट असतो. जास्त आवळला की कव्हर मधून आत वाकते आणि कडा उचलल्या जातात. मग आणखी आवळतात. काचेवर ते लगेच कळेल. प्रायमरीच्या (क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) मोठ्या कव्हरलाही एकच नट, तिथलाही आजार हाच.

किकर_नाशिक:
टायमिंग कव्हर उघडले. तेल आधी काढले होते, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळले. सापडले ते:

कव्हरमधला कॉर्क, जो क्रँकच्या टोकावर बसतो, तो चपटा झालेला आणि त्याच्याभोवती सिलिकॉन. मधले भोक निम्मे बुजलेले. फेल्ट फिल्टरचा एक वॉशर नाही. एका पंपाच्या चकतीवर गोल ओरखडे. वर्म नटाचे कोपरे छिन्नीने मारून गोल झालेले. गाळलेल्या तेलात लाल तुकडे, टेफ्लॉनचे धागे आणि थोडी पिवळसर चमक. लोहचुंबकाला ती चिकटत नाही.

आता क्रँककेस फोडावेच लागेल का?

जुनं_लोखंड:
पिवळसर आणि चुंबकाला न चिकटणारी चमक म्हणजे बहुधा बुशचा धातू. वर्मच्या जोडीचाही असू शकतो. आधी सिलिंडर काढून मोजा, मग ठरवा.

क्रम असा. सिलिंडर काढताना टॅपेट चेंबरच्या आत लपलेले नट विसरू नका. बाहेरचे काढून हातोड्याने ठोकणारे बुडाची कड मोडतात. पिस्टन वरच्या टोकाला आणा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा-दाबा. जाणवण्याइतका खेळ नको, अजिबात. डावी-उजवी हालचाल असते, ती नैसर्गिक, तिला खेळ समजू नका. तेलाचा थर खेळ लपवतो, म्हणून आधी पेट्रोलची पिचकारी मारून पुसा. वर-खाली "टक" जाणवला तर दुसरा विचार नाही, केस फोडायचे.

खेळ नसेल तरी तुमच्या बाबतीत मी केस फोडायलाच सांगेन. कॉर्कच्या पुढे गेलेला सिलिकॉन क्रँकपिनच्या भोकात अडकलेला असेल तर तो बाहेरून हवा मारून निघेल याची खात्री नाही, आणि उलट आत घट्ट बसायचीही भीती. आता उघडलेच आहे तर मनात शंका ठेवून बंद करू नका.

वर्म नटाबद्दल: त्याचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या दिशेने सुटतो. तुमच्या आधीच्याने तो नेहमीच्या दिशेने सोडवायला म्हणजे प्रत्यक्षात आवळायला छिन्नी मारली आहे. असा गोल झालेला नट परत वापरू नका. त्याच्यावरच पंपाची दांडी फिरते, त्याचा ओरखडा पंपाला खातो.

कॉर्क प्रत्येक वेळी नवा. बसल्यावर तो थोडा पुढे आलेला हवा, म्हणजे कव्हर लागताना दाबला जाईल. पुण्यात नाना पेठेत मिळतो, दोन-तीन एकदम घेऊन ठेवा. बसवण्याआधी तेलात भिजवा. त्याला कुठलाही सीलंट लागत नाही. फिल्टरचे वॉशर आणि स्प्रिंग पार्ट्सच्या आकृतीच्या क्रमानेच. वॉशर नसला की तेल फेल्टला वळसा घालून न गाळता पुढे जाते, तुमच्या इंजिनात हेच चालले होते.

पंपाची चकती: काचेवर अगदी बारीक व्हॉल्व्ह पेस्टने हलक्या हाताने घासून घ्या, पूर्ण राखाडी एकसारखा रंग येईपर्यंत. ज्या फेसवर ती बसते तोही बघा. मग दोन्ही इतके धुवा की पांढऱ्या कापडावर डाग उमटणार नाही. स्प्रिंग सैल वाटली तर बदला. सकाळचा धूर इथेच संपायला हवा.

लेथवाला:
क्रँक बाहेर निघणारच असेल तर रोलर बिग एंडचा विचार करा. फ्लोटिंग बुशपेक्षा तेलाची थोडी उपासमार तो जास्त सहन करतो.

जुनं_लोखंड:
सहन करतो हे खरे. पण मूळ बुश नीट तेलावर लाखभर किलोमीटरचे काम करणारी गोष्ट आहे, आणि रोलरला कनेक्टिंग रॉड, पिन, सगळे बदलावे लागते. रोलरही पिनच्या भोकात सिलिकॉन अडकला तर मरतोच. आधी तेलाचा रस्ता, मग बेअरिंगची जात.

लेथवाला:
मान्य. एवढेच म्हणेन की क्रँकपिन झिजलेली निघाली तर जुन्या पिनवर नवा बुश बसवून घेऊ नका, जे बरेच लेथवाले "चालतंय" म्हणून देतात. पिन मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. आणि क्रँक प्रेस झाल्यावर दोन्ही टोके डायल गेजखाली फिरवून बघायला सांगा, नुसत्या डोळ्याने नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्याकडे सातपूर-अंबडला हे करणारे सापडतील. काम देताना समोर उभे राहून रीडिंग बघा.

बाणेर_३५०:
सिलिंडरचे काय? "हाफ इंजिन" झालेय म्हटल्यावर बोअर नवीनच असेल ना?

फिलरगेज:
झाले म्हणजे नीट झाले असे नाही. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा असतो. २० असेल तर अंदाजे ७०.५१ मिमी, ४० असेल तर ७१.०२. मग बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापे घ्या आणि लिहून ठेवा. आधीच्या दुरुस्तीत दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक, जुन्याच बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा, भिंत आरशासारखी गुळगुळीत. अशा भिंतीवर रिंगा बसत नाहीत. दोन, हाताच्या होनने (घासायच्या दगडांच्या हत्याराने) घाईत काढलेला बोअर, मध्ये फुगलेला.

पिस्टन बुडाशी, पिनच्या काटकोनात मोजा. क्लिअरन्स त्या पिस्टनच्या कागदावर दिला असेल तोच ठेवा, दुसऱ्या कंपनीचा आकडा याला लावू नका. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टननेच २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फट मोजा. ७० च्या बोअरला ०.३ ते ०.४ मिमी ठीक. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडते आणि मोडते.

होन केल्यावर सिलिंडर पेट्रोलने धुऊन भागत नाही. पेट्रोल तेल काढते, दगडाची पूड तिथेच राहते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. पांढरे कापड काळे यायचे थांबेपर्यंत. लगेच कोरडे करून तेल लावा, कास्ट आयर्न दहा मिनिटांत गंजाचा पिवळा रंग धरते.

पिस्टनच्या पिनची सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) नवीनच. पिन हातोड्याने ठोकून काढली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. स्मॉल एंडमध्ये सरळ दांडी घाला आणि केसिंगच्या तोंडावर ठेवलेल्या दोन सारख्या पट्ट्यांवर ती टेकवा. एका बाजूला पाती जात असेल तर रॉड तिरका. तिरक्या रॉडवर नवा पिस्टन एका बाजूने घासतो, आणि दोष बोअरवाल्याला जातो.

बाणेर_३५०:
वाचनखूण साठवली. ड्रेनचा ठोकलेला बोल्ट मात्र कुणी सोडवला नाही अजून.

लेथवाला:
त्याकडे येतच होतो. ठोकलेला बोल्ट बाहेर काढला की भोवती तडा आहे का बघा. घरगुती पद्धत: जागा धुऊन कोरडी करा, रॉकेल लावा, पंधरा मिनिटांनी पूर्ण पुसा, वर खडूची पूड पसरा. तडा असेल तर आतले रॉकेल पुडीवर काळी रेघ काढते. हीच तपासणी पुढच्या स्प्रॉकेटच्या मागच्या भिंतीवरही करा. चेन तुटून तिथे मार बसलेल्या आणि वरून एम-सील भरलेल्या केसिंग पुष्कळ आहेत.

तडा असेल तर आर्गन वेल्डिंग, पण केस मोकळी असताना. जुन्या कास्टिंगमध्ये तेल मुरलेले असते, ते आधी तापवून काढले नाही तर वेल्डमध्ये फुगे राहतात आणि तो पाझरतो. वेल्डनंतर फेस आणि बेअरिंगची बैठक परत तपासायची. केसचे दोन अर्धे जोडीने बोअर केलेले असतात, त्यामुळे एक अर्धा दुसऱ्या गाडीचा आणून बसवू नका. तसे आधीच कुणी केले असेल तर क्रँक हाताने फिरवताना एका जागी जड जाते.

तडा नसेल तर भोक सरळ मोठे करून धातूचे बुश बसवायचे, आत मूळ मापाचे आटे. मोठा बोल्ट आणखी मोठा करत जाणे हा रस्ता एकदाच चालतो, नंतर भिंत उरत नाही.

फिलरगेज:
केसवरून आठवले. पैसे ओतण्याआधी इंजिन नंबर आरसीशी जुळवा, अक्षरे घासलेली आहेत का पाहा. केस बदललेली निघाली तर ती आरटीओत नोंदवावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातल्या अशा बदलांबद्दलच आहे.

किकर_नाशिक:
नंबर जुळला, घासलेला नाही. तडाही नाही. रॉड वर-खाली स्पष्ट "टक" करतो, म्हणजे केस फोडणार. बोअर ४० चा आहे, मध्ये फुगलेला. परत बसवताना गॅस्केट आणि सीलंटचे काय करायचे? इथे काही जण कोरडे कागदी गॅस्केट सांगतात, काही शेलॅक.

जुनं_लोखंड:
फेस काचेवर सरळ निघाला असेल तर कागदी गॅस्केटला दोन्ही बाजूंनी बोटाने तेल किंवा ग्रीसचा पुसट थर. पुढच्या वेळी गॅस्केट न फाटता निघते. केसच्या दोन अर्ध्यांमध्ये मात्र न सुकणारा सीलंट, इतका पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. टायमिंग कव्हरवर तेलाच्या भोकांच्या आसपास काहीही नाही. पंपाच्या कव्हरलाही नाही.

फिलरगेज:
शेलॅकला माझा विरोध नाही, पण फक्त गॅस्केटच्या एका बाजूला, कव्हरकडच्या. आणि आधी गॅस्केटची प्रत्येक खिडकी केसिंगच्या भोकावर धरून बघा. हाताने कापलेल्या गॅस्केटमध्ये एक भोक राहून जाणे ही फार महाग चूक आहे.

बॅन्जोला टेप नको. दर बॅन्जोला दोन तांब्याचे वॉशर, एक वर एक खाली. जुने असतील तर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतात. रॉकरचे ब्लॉक आणि त्यांची झाकणे जोडीने असतात, डाव्या-उजव्याची अदलाबदल नको. हेडचे नट तिरक्या क्रमाने, तीन टप्प्यांत. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

स्पार्क प्लगही बघा. आट्याची लांबी १२.७ आणि १९ मिमी अशी येते. हेडच्या जाडीपेक्षा लांब प्लग लावला तर आत उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन बसतो, आणि काढताना तो हेडचे आटे घेऊन बाहेर येतो.

लेथवाला:
प्रायमरीकडे काम केले असेल तर अल्टरनेटरचा रोटर आणि स्टेटर यांत सगळीकडून निदान ०.२ मिमी फट हवी. पत्र्याची तेवढी पट्टी गोल फिरवून बघा. एका बाजूने घासला तर त्याचा आवाजही बिग एंडसारखाच वाटतो.

किकर_नाशिक:
टायमिंग आणि पहिल्या स्टार्टचा क्रम कुणी सविस्तर देईल का?

जुनं_लोखंड:
पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, आधी ती. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे. तिथे पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी, अॅडव्हान्सची (वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी) वजने पूर्ण मिटलेली असताना. उघडण्याचा क्षण अँमीटरवर दिसतो: स्विच चालू ठेवा, पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडताच शून्यावर येतो. बॅटरी ढिली असेल तर पॉइंटमध्ये सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरा, सुटला की उघडले. किक उलटी मारते म्हणून आधीच्या मालकाने टायमिंग मागे ढकललेले असते, ते असेच ठेवले तर सायलेन्सर लाल होतो आणि गाडी ओढत नाही.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली खेळ जाणवता कामा नये. लॉकनट आवळताना माप बदलते, म्हणून आवळल्यावर परत फिरवून बघा.

तेल २०डब्ल्यू५०, सुमारे सव्वादोन लिटर. फिल्टरची खोली तेलाने भरूनच झाकण लावा, कोरडी ठेवली तर पंप आधी तीच भरत बसतो आणि तोवर बिग एंड उपाशी. स्पार्क प्लग बाहेर, डिकॉम्प्रेसर दाबलेला, क्रँकसमोरचा स्क्रू सैल. सावकाश किक, तिथून बुडबुडे थांबून सलग तेल येईपर्यंत. स्क्रू बंद. मग प्लग लावून सुरू करा, फक्त आयडलला. आता रॉकरचा बॅन्जो सैल करा, तिथे तेल आले म्हणजे परतीचा पंपही चालतोय. दोन मिनिटांत आले नाही तर बंद करा, रेस देऊन आणायचा प्रयत्न नको.

पहिले ५०० किमी ताशी ४०-५० च्या आसपास, चढावर गिअर खाली टाकून, गुदमरवून नाही. पहिले तेल ३०० किमीला काढा आणि परत साडीतून गाळा. लाल तुकडा एकही सापडला तर पुढे जाऊ नका, तो कुठून आला ते कळेपर्यंत टायमिंग कव्हर परत उघडा.